ही ‘उन्हाळी’ उन्हाची नाही

एप्रिल-मे महिन्यात खामगाव-शेगावकडच्या उन्हात लघवीला आग होऊ लागली, की घरोघरी निदान ठरलेले असते : उन्हाळी लागली. मग धण्याचे पाणी, सब्जा, ताक. दिवसभर शेतात राबणाऱ्या, आडोसा नाही म्हणून पाणीच कमी पिणाऱ्या बाईच्या बाबतीत हे निदान अनेकदा बरोबरही असते. पण पंचेचाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या बाईला हीच आग सोयाबीनच्या सोंगणीत, कापसाच्या वेचणीत आणि थंडीतही होत असेल, वर्षातून तीन-चारदा अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊनही परत येत असेल, तर ती उन्हाची नाही. ती बहुधा पाळी गेल्याची आहे. आणि तिच्यावर साधा, जुना, परिणामकारक उपाय आहे. तो बहुतेकींपर्यंत पोहोचत नाही, याचे कारण विज्ञान कमी पडते हे नाही. आपण विचारत नाही, हे आहे.

सलग बारा महिने पाळी आली नाही, की ती गेली असे धरतात. भारतीय स्त्रियांमध्ये हे साधारण ४६-४७व्या वर्षी होते, पाश्चात्त्य देशांतल्या स्त्रियांपेक्षा चार-पाच वर्षे आधी. बीजकोशांतून येणारे इस्ट्रोजेन कमी होते. अचानक अंगातून वाफा निघणे, रात्री घामाने जाग येणे, चिडचिड ही त्याची सर्वांना माहीत असलेली लक्षणे. ती बहुतेकींमध्ये काही वर्षांत ओसरतात. दुसरी गोष्ट मात्र ओसरत नाही, उलट वाढत जाते. योनीमार्गाची आणि मूत्रमार्गाची त्वचा इस्ट्रोजेनवर पोसलेली असते. ते आटले, की ही त्वचा पातळ, कोरडी, चटकन खरचटणारी होते. तिथली जंतूंना अटकाव करणारी आम्लताही घटते. त्यातून खाज, आग, वारंवार लघवीचा संसर्ग आणि शरीरसंबंधाच्या वेळी वेदना हे सारे येते. दुखणे एकच, तक्रारी चार.

यातल्या पहिल्या तीन तक्रारी बाई कशीबशी सांगते. चौथी सांगत नाही. ‘अंगावरून जाते’ हे शब्द दवाखान्यात उच्चारता येतात. ‘नवऱ्याजवळ जाताना दुखते’ हे नाही. सुना आल्या, नातवंडे झाली, आता हा विषय काढायचा म्हणजे लाज, असे तिला वाटते. नवऱ्याला वाटते, हिचे मन उडाले. ती स्वयंपाकघरात अंथरूण टाकते, तो ओट्यावर झोपू लागतो आणि त्वचेच्या कोरडेपणाचा निकाल संसारावर लागतो. काही घरांत तर याहून वाईट : तिचा नकार ऐकलाच जात नाही. म्हणून एक गोष्ट आधी स्पष्ट करू. औषधाने वेदना कमी होते, पण औषध म्हणजे होकार नव्हे. तिला नको असेल तर नको, हे पाळी असतानाही खरे होते आणि पाळी गेल्यावरही खरेच आहे. प्रश्न आहे तो ज्यांना जवळीक हवी आहे, पण वेदनेमुळे ती सोडून द्यावी लागते, त्यांचा.

उपाय पायरीपायरीने आहेत. त्रास थोडा असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारे, पाण्यावर आधारलेले वंगण पुरते. ते पुरले नाही तर योनीमार्गात लावायचे इस्ट्रोजेनचे क्रीम. सुरुवातीला दोनेक आठवडे रोज रात्री आणि नंतर आठवड्यातून दोनदा, अशी त्याची सर्वसाधारण पद्धत आहे. मात्रा इतकी कमी, की रक्तात अगदी नगण्य उतरते. फरक जाणवायला काही आठवडे लागतात आणि वापर थांबवला की त्रास परततो, हे आधीच सांगितले पाहिजे. नाही तर बाई आठ दिवसांत ‘गुण नाही’ म्हणून ट्यूब बाजूला ठेवते. या क्रीमने वारंवार होणारा लघवीचा संसर्गही कमी होतो. अंगातून वाफा आणि झोपमोड फार असेल तर गोळी, जेल किंवा पट्टीच्या रूपात संपूर्ण शरीरासाठीचे हार्मोन उपचार आहेत. गर्भाशय असलेल्या स्त्रीला अशा वेळी इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉनही द्यावेच लागते, नाही तर गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

‘हार्मोन म्हणजे कॅन्सर’ ही भीती २००२ सालची आहे. त्या वर्षी जुलैमध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मध्येच थांबवण्यात आला. दोन्ही हार्मोन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग जास्त दिसला होता. किती जास्त? दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला ३० ऐवजी ३८. त्या स्त्रियांचे सरासरी वय होते ६३. म्हणजे पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षे झालेल्या अनेक जणी त्यात होत्या. बातमीतून हे तपशील गळले आणि भीती तेवढी उरली. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू केले, तर बहुतेक निरोगी स्त्रियांना धोक्यापेक्षा फायदा जास्त, असे आज तज्ज्ञ संघटना सांगतात. गंमत अशी, की नगण्य मात्रेच्या क्रीमच्या खोक्यावरही अमेरिकेत तोच काळ्या चौकटीतला इशारा छापला जात असे. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने हे बहुतेक इशारे काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला.

याचा अर्थ सरसकट सगळ्यांनी हार्मोन घ्यावेत असा नाही. स्तनाचा कर्करोग झालेल्या, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झालेल्या, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या, यकृताचा गंभीर आजार असलेल्या स्त्रियांना संपूर्ण शरीरासाठीचे उपचार सहसा देत नाहीत. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, एक थेंबही, तर आधी तपासणी, मग बाकी सगळे.

आपल्या शेजारच्या मराठवाड्याने या विषयाची आणखी एक बाजू दाखवली आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या पिशव्या काढल्याचे प्रकरण गाजल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीमुळे खाडा पडतो, खाड्याचा दंड बसतो, म्हणून पिशवीच नको, हे त्यामागचे एक कारण. चर्चा शस्त्रक्रियेची झाली, त्यानंतरच्या आयुष्याची फारशी झाली नाही. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर तिशी-पस्तिशीतल्या बाईची पाळी एका दिवसात जाते. हाडे लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, कोरडेपणा भर तारुण्यात येतो. बीजकोश ठेवले तरी ते काहीसे लवकर थकू शकतात. अशा तरुण स्त्रियांना, दुसरी अडचण नसेल तर, निसर्गाने पाळी जाण्याच्या वयापर्यंत हार्मोन देणे हा चोचला नाही, गरजेचा उपचार आहे. गर्भाशय नसल्याने त्यांना फक्त इस्ट्रोजेन पुरते, आणि त्या अमेरिकी अभ्यासाच्या केवळ इस्ट्रोजेन घेणाऱ्या गटात स्तनाचा कर्करोग वाढलेला नव्हता. पिशवी काढलेली बाई बुलढाणा जिल्ह्यातल्या गावांतही भेटते. ‘बीजकोश ठेवले की काढले?’ हे तिला कोणी सांगितलेले असते का, एवढे विचारून पाहावे.

‘खेड्यात असले प्रश्न कोण विचारणार?’ हा नेहमीचा आक्षेप. उत्तर असे, की ते आजही विचारले जातात. तिशीवरील प्रत्येकासाठी आशाताई जो ‘सी-बॅक’ फॉर्म भरतात, त्यात स्त्रियांना पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होतो का, आणि शरीरसंबंधानंतर रक्तस्राव होतो का, हे विचारलेले आहे. कर्करोग शोधण्यासाठी व्यवस्थेने लाज बाजूला ठेवली आहे. मग त्याच ओळीखाली आणखी तीन प्रश्न का नसावेत? अंगातून वाफा निघून झोप मोडते का? लघवीला वारंवार आग होते का? संबंधाच्या वेळी दुखते का? तिन्ही प्रश्नांना मिळून दोन मिनिटे लागतील. ‘होय’ म्हणणाऱ्या बाईला ग्रामीण रुग्णालयात तपासणी आणि क्रीमची ट्यूब मिळावी. संग्रामपूर किंवा लोणार तालुक्यातल्या बाईला त्यासाठी अकोला किंवा संभाजीनगर गाठावे लागू नये.

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस गळू लागले, तेव्हा पाहता पाहता पथके आली, पाण्याचे आणि रक्ताचे नमुने गेले, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तज्ज्ञ गावात पोहोचले. ते योग्यच झाले. डोक्यावरचे टक्कल सगळ्यांना दिसते. हे दुखणे दिसत नाही, आणि म्हणून त्याचे पथक कधी येत नाही. जिल्ह्याचे खासदार प्रतापराव जाधव २०२४ पासून केंद्रात आरोग्य राज्यमंत्री आहेत. तीन प्रश्नांची आणि एका ट्यूबची सुरुवात बुलढाण्यातून व्हावी, ही मागणी फार मोठी नाही.

तोवर एवढे करता येईल. घरातल्या कुणाला वर्षातून तिसऱ्यांदा ‘उन्हाळी’ लागली, तर धण्याचे पाणी जरूर द्या. पण लघवी तपासून घ्या आणि डॉक्टरांना सांगा, ‘पाळी जाऊन इतकी वर्षे झाली.’ एवढ्या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते. आणि डॉक्टरांनी पुढचा प्रश्न बाईवर सोडू नये. तो त्यांनीच विचारावा.