मेक्सिकोच्या मक्याचं काय झालं?

1 जानेवारी 1994 रोजी अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला ‘नाफ्टा’ हा मुक्त व्यापार करार लागू झाला. त्याच पहाटे दक्षिण मेक्सिकोतल्या चियापास राज्यात झापाटिस्टा बंडखोरांनी काही शहरं ताब्यात घेतली. बहुतेक सगळे माया आदिवासी शेतकरी. हा करार आमच्यासाठी मृत्युदंड आहे, असं त्यांच्या नेत्यांनी जाहीर केलं.

या भागातला छोटा शेतकरी मका एकटा लावत नाही. ताटावर घेवड्याचा वेल चढतो, खाली भोपळा पसरतो. शेत पावसावर, बियाणं घरचं. मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर मुरवायचा, सकाळी धुऊन वाटायचा आणि तव्यावर तोर्तिया भाजायच्या. तोर्तिया ही त्यांची भाकरीच. घरचं भागून उरेल तेवढा मका बाजारात जातो; मीठ, कपडे, औषधं त्यातूनच.

करारानंतर त्या उरलेल्या पोत्यांचा भाव पडला.

खरं तर करारात संरक्षण होतं. वर्षाला 25 लाख टन मका बिनशुल्क, हा कोटा थोडाथोडा वाढणार. त्यापुढच्या आयातीवर 200 टक्क्यांहून जास्त शुल्क, तेही 2008 पर्यंत टप्प्याटप्प्यानं शून्यावर. म्हणजे सावरायला चौदा वर्षं. पण मेक्सिकोच्या सरकारनं जादा मक्यावरचं शुल्क वसूलच केलं नाही. 1996 मध्ये आयात कोट्याच्या दुपटीवर गेली. अनुदानावर पिकलेल्या अमेरिकी मक्याशी कोरडवाहू शेतकऱ्यानं टक्कर द्यायची होती, आणि नेमकी त्याच काळात सरकारी खरेदी करणारी संस्था ‘कोनासुपो’ गुंडाळली जात होती. 1999 मध्ये ती बंदच झाली. हा दोष करारापेक्षा घरच्या सरकारचा मोठा आहे.

मेक्सिकोचं मका उत्पादन उलट वाढलं, असं कराराचे समर्थक सांगतात. ते खरंच आहे. पण ती वाढ मुख्यतः सिनालोआसारख्या राज्यांतल्या मोठ्या बागायती शेतांची. डोंगरउतारावर दोन-चार एकर कसणाऱ्याच्या घरातली तरुण मुलं मात्र उत्तरेकडे मजुरीला गेली. ग्राहकाचंही फारसं भलं झालं नाही. जानेवारी 2007 मध्ये तोर्तिया महागल्या म्हणून हजारो लोक मेक्सिको सिटीत रस्त्यावर उतरले.

2025 मध्ये अमेरिकेचे वाणिज्यमंत्री हॉवर्ड लटनिक यांनी भारत आमचा मका का घेत नाही, असं जाहीरपणे विचारलं. मका महाराष्ट्रातही हजारो शेतकरी पिकवतात. उद्या अमेरिकेशी व्यापार करारात मक्याच्या आयातीला कोटा ठरलाच, तर त्यापुढच्या प्रत्येक टनावरचं शुल्क खरोखर वसूल होणार का आणि भाव पडला तर सरकारी खरेदी केंद्र उघडं असणार का, याची उत्तरं या शेतकऱ्यांना करारावर सही होण्याआधी लेखी मिळायला हवीत.