प्रतिनायक कोणाचा?

अतिमानवी नायकांच्या चित्रकथांविषयी दोन भूमिका सहज घेतल्या जातात. एक, त्यांना रंजनपर ठरवून समीक्षेच्या उंबरठ्याबाहेर ठेवण्याची. दुसरी, नायकस्थानी गुन्हेगार दिसताच त्यांना व्यवस्थाविरोधी म्हणून गौरविण्याची. दुसरी अधिक घातक आहे, कारण ती विचाराचा आव आणते.

जॉन ऑस्ट्रँडर यांच्या १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘सुइसाइड स्क्वॉड’ मालिकेतील आरंभीच्या अंकांचा ‘ट्रायल बाय फायर’ हा संग्रह या संदर्भात तपासण्याजोगा आहे. अमेरिकी शासन तुरुंगातील खलपुरुषांना शिक्षेतील सवलतीच्या बदल्यात जीवघेण्या, प्रसंगी नाकबूल करता येतील अशा कामगिऱ्यांवर धाडते. त्यांच्या मनगटांवर स्फोटक कडी असतात. अशा टोळीला ‘प्रतिनायक’ म्हणणे ही केवळ संज्ञेची चूक नव्हे. धनंजयाच्या ‘दशरूपका’तील प्रतिनायक हा नायकाचा शत्रू आहे, रामाचा रावण, युधिष्ठिराचा दुर्योधन. ‘अँटिहीरो’साठी तीच संज्ञा योजली की विरोध कोणाला, हा प्रश्नच पुसला जातो. अमांडा वॉलरच्या हुकमातील ही टोळी तर विरोध करीतच नाही. ती चाकरी करते.

नांदेड-लातूरच्या अभ्यासकाला तरी हा प्रश्न पुसता येऊ नये. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरला वकिली केलेला गृहस्थ. त्याची टोळी निजामी राजवटीच्या छत्राखाली प्रजेवर अत्याचार करीत होती. जानेवारी १९४८ मध्ये नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक लुटणारे स्वातंत्र्यसैनिक त्याच राजवटीच्या लेखी दरोडेखोर होते. नायक-खलनायकांतील सीमा पुसट करणे हाच वाङ्मयीन गुण मानला, तर हे दोघे एका पंक्तीत बसतात. जो निकष त्यांना एका पंक्तीत बसवितो, तो निकषच खोटा होय. अण्णाभाऊ साठे यांचा ‘फकिरा’ (१९५९) खजिना लुटतो, तेव्हा त्याच्यामागे उपाशी वस्ती उभी असते. वॉलरच्या टोळीमागे फक्त कार्यालय आहे.

याचा अर्थ संग्रह टाकाऊ आहे असा नव्हे. तो आपल्या चाहत्यांहून शहाणा आहे. काल्पनिक क्युराक देशातील दहशतवाद्यांची आरंभीची कथा साचेबंद आहे, हे मान्य करावे लागते. मात्र मॉस्कोच्या कथानकात सोव्हिएत बंदिवासातील लेखिका झोया ट्रिगोरिन हिला सुटकाच नको असते. बंदिवास हेच तिचे विधान असते. तरीही हुकमाची ताबेदार टोळी तिला बाहेर काढते आणि त्या खटाटोपात ती मरते. सत्तेने लादलेली सुटका आणि सत्तेने लादलेली कैद यांतील साम्य येथे कोणत्याही भाष्याविना उघडे पडते. संग्रहाचे मोल या जाणिवेत आहे, खलपुरुषांच्या कथित बंडखोरीत नाही.

टोळी कायदा मोडते की नाही, हे पंचनाम्यात नोंदविण्याचे काम पोलिसांचे. ती कोणासाठी मोडते आणि जाब कोणाला देते, हे विचारणे समीक्षेचे काम आहे. ते टाळणाऱ्या समीक्षेच्या मनगटावरही एक कडे असते. फक्त ते तिला दिसत नाही.