यंत्र आणि गृहस्थ : भरदार स्वाराच्या सायकलचें चाक

आमच्या घरांतील मुलें ज्यांस ‘मामा’ म्हणतात ते माझे थोरले मेहुणे प्रकृतीनें भरदार आहेत. वजन १०८ किलो. गेल्या वर्षीं त्यांच्या रक्तांतील साखर वाढलेली निघाली व डॉक्टरांनीं रोजचा व्यायाम सांगितला. गुडघे चालूं देईनात, म्हणून सायकलचा विचार ठरला. कारण सायकलवर शरीराचा बहुतेक भार बैठक सोसते. नवी, चकचकीत, गिअरची सायकल घरीं आली. दोन महिन्यांच्या आंत मागच्या चाकाच्या तीन तारा तुटल्या. तिसरी तुटली तेव्हां मामा मस्कासाथेच्या ऐन गर्दींत होते. चाक वांकडें होऊन ब्रेकला घासूं लागलें आणि सायकल हातांत धरून ते इतवारींतून पायींच घरीं आले. दुरुस्तीच्या दुकानांत ‘साहेब, सायकल तुमच्यासाठीं नाहीं’ असें हंसत हंसत ऐकविण्यांत आलें. त्या दिवसापासून सायकल जिन्याखालीं गेली, आणि तिच्यामागोमाग मामांचा व्यायामहि.

हंसणारास उत्तर देण्याच्या ईर्षेनें मीं या विषयांत शिरलों. जें हातीं आलें तें वाचकांपुढें ठेवतों, कारण एकत्र कुटुंबांत असे भरदार गृहस्थ एखादे तरी असतातच.

इतवारीच्या धान्यबाजारांत ज्यांनीं पूर्वीं बंड्या पाहिल्या असतील त्यांना बंडीच्या चाकाची रचना आठवेल. मध्यें लांकडी तुंबा, त्यांत ठोकलेले जाड आरे, बाहेरून लोखंडी धांव. तुंब्यावर आलेला भार खालचा आरा खांबाप्रमाणें पेलतो. सायकलची दोन मिलिमीटर जाडीची तार असा खांब होऊं शकत नाहीं. दाबली तर ती वांकेल. म्हणून तिला आधींच ताणून बसवितात. सर्व बाजूंनीं रिमेला आंत ओढणाऱ्या तारांच्या परस्परविरोधी जोरावर चाक गोल व ताठ राहतें. स्वार बसला म्हणजे जमिनीजवळच्या मोजक्या तारांचा ताण उतरतो; बाकीच्या तारांत फारसा फरक पडत नाहीं. जॉब्स्ट ब्रँट या अमेरिकन अभियंत्यानें १९८१ सालीं सायकलच्या चाकावर एक स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत ही गोष्ट हिशेबानिशीं मांडलेली आहे.

यावरूनच तार कां तुटते तें उमगतें. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यांत प्रत्येक तार एकदां सैल होते व पुन्हां ताणली जाते. २८ इंची चाकाचा एक फेरा म्हणजे सुमारें सव्वादोन मीटर. रोज दहा किलोमीटर आणि वर्षाचे तीनशें दिवस धरले तर ही उघडझांप तेरा लाखांवर वेळां होते. लोखंडी तारेचा तुकडा पुढेंमागें वांकवून तोडण्याचा खेळ मुलें खेळतात, त्यांतलाच हा एक धिमा प्रकार आहे. म्हणून तार बहुधा मध्यें तुटत नाहीं. हबाच्या भोंकांत तिला जेथें कोपर दिलेलें असतें तेथें तुटते. आणि नवल हें कीं, ढिली तार ताणलेल्या तारेच्या आधीं तुटते! ढिल्या तारेचा ताण प्रत्येक फेऱ्याला पार नाहींसा होतो व तिचें कोपर भोंकांत हालूं लागतें. मामांच्या चाकाच्या तारा मीं जोडीजोडीनें चिमटींत दाबून पाहिल्या, तों डावीकडच्या कांहीं अगदींच लुळ्या. गिअरच्या सायकलींत दांत्यांच्या चकत्यांना जागा देण्यासाठीं उजवीकडच्या तारा अधिक उभ्या बसवाव्या लागतात. त्या कडक, तर डावीकडच्या ढिल्या, असा हा पंक्तिप्रपंच जात्याच असतो. त्यांत बांधणी यंत्राची व घाईची. वजनानें फक्त तिचें पितळ उघडें पाडलें.

आपल्याकडील जुन्या काळ्या सायकलींत पुढें ३२ व मागें ४० तारा असत, आणि त्या जातीच्या सायकलींत त्या अद्यापहि आढळतात. बसणाराचा निम्म्याहून अधिक भार मागें येतो, तेव्हां तारा मागें अधिक, हा शहाणपणा उघड आहे. दुधाचे भरलेले डबे दोहों बाजूंस लटकवून वर्षानुवर्षें गेलेल्या सायकली आपण सर्वांनीं पाहिल्या आहेत. हल्लींच्या शौकीन सायकलींत मात्र २८ किंवा २४ तारांचीं चाकें सर्रास दिसतात. दिसण्यांत तीं देखणीं खरीं. शंभर किलोच्या पुढील गृहस्थानें मागें ३६ तारांखालीं उतरूं नये असें माझें स्पष्ट मत आहे.

तारेच्या जाडीचा नंबर उलटा चालतो, हेंहि ध्यानांत असावें : १४ नंबरची तार २ मिलिमीटरची, १३ नंबरची तिच्याहून जाड. परंतु जाड तें मजबूत हा नियम येथें सरसकट लागू नाहीं. दोन्ही टोकांस जाड व मध्यें किंचित् बारीक केलेली तार मिळते. ती मध्यें थोडी ताणली जाऊन कोपरावरील हिसका स्वतः सोसते, म्हणून सरळ जाड तारेपेक्षां अधिक टिकते. रिम दुहेरी भिंतीची घ्यावी. टायर मात्र रुंदच हवा, ३५ मिलिमीटरच्या वर. नागपुरांत सिमेंटचे रस्ते झाल्यापासून कडेच्या विटांशीं जो उंचवटा राहतो, त्यावर अरुंद टायर आदळला कीं धक्का थेट रिमेला बसतो. खरेदीपूर्वीं पुस्तिकेंतील कमाल वजनाचा आंकडा वाचावा, आणि तो केवळ स्वाराचा कीं स्वार, सायकल व सामान मिळून, हें विचारून घ्यावें.

आमच्या मामांसाठीं आम्हीं नवी सायकल न घेतां मागचें चाक तेवढें नवें बांधविलें. भोंकांची संख्या जुळावी लागते, म्हणून रिम व हब दोन्ही ३६ भोंकांचीं आणलीं. तारा सगळ्या नव्या घेतल्या. एका चाकाच्या तीन तारा गेल्या म्हणजे उरलेल्याहि त्याच वाटेवर आहेत असें समजावें. गल्लींतील एका वृद्ध कारागिरानें आमच्या ओसरीवरच बैठक मांडली. तारा ताणल्यावर त्यांनीं त्या दोन्ही हातांनीं जोडीजोडीनें आवळल्या, मग चाकाचा आऊट काढला, पुन्हां आवळल्या. असें तीनदां केल्यानें कोपरें आपल्या जागीं पक्कीं बसतात. शेवटीं त्यांनीं तारा नखानें छेडल्या. एका बाजूच्या सर्व तारांचा स्वर सारखा लागला म्हणजे ताण सारखा. आमच्या सौभाग्यवतीचे कान तंबोऱ्यावर तयार झालेले. एक तार उतरलेली आहे हें तिनें आंतल्या खोलींतून कारागिराच्या आधीं सांगितलें. मामा त्या दिवशीं कित्येक महिन्यांनीं मनमोकळे हंसले.

दीडशें किलोमीटर झाल्यावर चाक पुन्हां एकदां दाखविलें. दोन तारांना पाव पाव फेरा द्यावा लागला. मामा आतां पहाटे अंबाझरीपर्यंत जाऊन येतात. पुढचें चाक मूळचेंच ३२ तारांचें आहे. तिकडे भार कमी, म्हणून तें बदललें नाहीं.