कपाटाचे कुलूप, फोनचे कुलूप

28 नोव्हेंबर 2025 रोजी केंद्राच्या दूरसंचार विभागाने फोन तयार करणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांना एक आदेश धाडला. यापुढे देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप आधीपासूनच घातलेले असावे, ग्राहकाने फोन प्रथम सुरू करताच ते त्याच्या दृष्टीस पडावे, आणि त्याची कार्ये बंद वा मर्यादित केलेली नसावीत, असा त्याचा आशय होता. मुदत 90 दिवसांची. जे फोन तयार होऊन बाजाराच्या वाटेवर होते, त्यांच्यातही सॉफ्टवेअर अद्ययावत करताना हे ॲप घालावे, अशी पुस्ती जोडलेली होती.

आदेश गेला कंपन्यांकडे. ज्याच्या खिशात तो फोन जायचा, त्याला तो वृत्तपत्रातून कळला. 1 डिसेंबरला बातमी बाहेर आली, 2 तारखेस दूरसंचारमंत्री ज्योतिरादित्य शिंदे यांनी ‘नको असेल त्याने काढून टाकावे’ असा खुलासा केला, आणि 3 तारखेस सक्तीच मागे घेण्यात आली. कारण असे देण्यात आले की, लोक आपखुशीनेच इतक्या मोठ्या संख्येने ॲप घेत आहेत की सक्तीचे प्रयोजन उरलेले नाही. नोकरीच्या काळात मी मागे घेतलेली परिपत्रके पुष्कळ वाचली. माघारीलाच यश म्हणण्याची ही शैली मात्र खास दिल्लीची.

ॲप वाईट आहे असे मुळीच नाही. हरवलेला फोन बंद पाडणे, आपल्या नावावर परस्पर कोणी सिमकार्डे घेतली आहेत काय ते पाहणे, फसवणुकीच्या दूरध्वनीची तक्रार करणे, ही त्याची कामे उपयोगाची आहेत. मी स्वतः ते माझ्या फोनवर घेतले आहे आणि नातेवाइकांनाही घ्यायला सांगतो. परंतु दुकानदाराने आपल्या हौसेने तिजोरीची दुसरी चावी पोलीस चौकीत ठेवणे निराळे, आणि तिजोरी विकत घेतानाच एक चावी चौकीत जमा करण्याचा हुकूम निघणे निराळे. शिवाय आज कॉल व संदेशांच्या नोंदी, कॅमेरा, छायाचित्रे यांची परवानगी मागणारे ॲप उद्याच्या अद्ययावत आवृत्तीत काय मागेल, ते ग्राहकाच्या हाती नसते.

आपल्या पेण तालुक्याला सरकारचा कागद नवा नाही. सेझसाठी जमिनी घ्यायच्या ठरल्या तेव्हा नोटिसा निघाल्या, चावडीवर लागल्या, लोकांनी हरकती नोंदवल्या, मोर्चे काढले. शेवटी 21 सप्टेंबर 2008 रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील 22 गावांत शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले. हे सारे घडू शकले, कारण सरकारला समोरून, नाव-गट क्रमांक लिहून यावे लागले. सरकार काय मागते हे माणसाला ठाऊक असले, तर तो हो किंवा नाही म्हणू शकतो. फोनच्या बाबतीत चावडीच नाही.

व्यापारी कुटुंबांना हा विषय अधिक जवळचा असावा, कारण आपली वही आता फोनमध्ये गेली आहे. रोजमेळ, उधारीची यादी, मालाची मागणी, बँकेचे संदेश, घेणेकऱ्याशी झालेले बोलणे, सारे त्या हातभर नव्हे, वीतभर पेटीत. दिवाळीला आपण लाल वहीला गंध-फूल वाहतो. वर्षभर मात्र लिहितो दुसरीकडे.

वही पाहण्याचा अधिकार सरकारला पूर्वीपासून आहे आणि तो असायलाच हवा. 1961च्या आयकर कायद्यातील 132 वे कलम पेढीवरील बहुतेकांना नावाने तरी ठाऊक असते. झडतीसाठी आलेल्या अधिकाऱ्यास दार, पेटी, तिजोरी, कपाट यांचे कुलूप तोडता येते, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. 2002मध्ये त्यात संगणकातील हिशेबाची भर पडली. 2017च्या जीएसटी कायद्याचे 67 वे कलम वाचताना तर मला गंमत वाटली होती. तेथे फोडता येणाऱ्या वस्तूंच्या यादीत कपाट आणि पेटी यांच्या मध्येच ‘इलेक्ट्रॉनिक उपकरणे’ बसवलेली आहेत. कायदा लिहिणाऱ्याच्या दृष्टीने फोन म्हणजे एक छोटेसे कपाटच!

आता नवा आयकर कायदा आला आहे. त्याचे विधेयक फेब्रुवारी 2025मध्ये मांडले गेले, प्रवर समितीकडे गेले, मागे घेऊन ऑगस्टमध्ये नव्याने मांडले गेले, संमत झाले. 21 ऑगस्टला राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली आणि अंमल 1 एप्रिल 2026 पासून ठरला. त्यातील 247 व्या कलमानुसार झडतीच्या वेळी संगणक किंवा ‘आभासी डिजिटल अवकाश’ यांचा प्रवेश-संकेत मिळत नसेल, तर तो ओलांडून आत जाण्याचा अधिकार अधिकाऱ्यास आहे. या अवकाशात ई-मेल, समाजमाध्यमांवरील खाती, गुंतवणुकीची ऑनलाइन खाती, दूरस्थ साठवण, सारे येते. विभागाचे म्हणणे असे की, हा अधिकार फक्त झडतीपुरता आहे, सर्वसाधारण करदात्याने घाबरण्याचे कारण नाही. ते खरेही आहे. पण झडती का घेतली, ते ‘मानण्याचे कारण’ कोणासही, अगदी अपिलीय न्यायाधिकरणासही, सांगण्याची गरज नाही अशी दुरुस्ती 2017च्या वित्त कायद्याने करून ठेवली, आणि तीही 1962 पासून लागू असल्याप्रमाणे. कारण बंद आणि कुलूप उघडे, असा हा जोड आहे.

कपाट आणि फोन यांत एक मोठा भेद आहे. पेढीच्या कपाटात पेढीचेच कागद असतात. फोनमध्ये मात्र सुनेच्या माहेरचा निरोप, वडिलांच्या तपासण्यांचे अहवाल, मुलीच्या स्थळांची छायाचित्रे आणि भावाभावांतील वाटणीची बोलणी, हे सर्व रोजमेळाच्या शेजारी पडलेले असते. हिशेब पाहायला आलेल्या माणसास हे दिसणारच, आणि एकदा पाहिलेले न पाहिलेले करता येत नाही.

बँकेत रुजू होताना आम्हांला एका घोषणापत्रावर सही करावी लागे: निष्ठेचे व गुप्ततेचे. ग्राहकाच्या खात्यात काय आहे हे त्याच्या सख्ख्या भावालाही सांगायचे नाही. पुढे बँकिंगच्या परीक्षांसाठी 1924च्या टूर्नियर खटल्याचा अभ्यास करावा लागला. इंग्लंडच्या न्यायालयाने त्यात गुप्ततेला चारच अपवाद ठेवले: कायद्याची सक्ती, सार्वजनिक कर्तव्य, बँकेचे स्वतःचे हित आणि ग्राहकाची संमती. आपल्याकडे याहून मोलाचा निर्णय 2004 साली कॅनरा बँकेच्या प्रकरणात झाला. आंध्र प्रदेशाने मुद्रांक कायद्यात दुरुस्ती करून, जिल्हाधिकाऱ्याने अधिकार दिलेल्या कोणाही व्यक्तीस बँकेतील कागद तपासण्याची मुभा दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द ठरवली. ग्राहकाने आपले कागद बँकेच्या हवाली केले म्हणून त्यांतील त्याचा खासगीपणा संपत नाही. तो हक्क जागेला नसून माणसाला चिकटलेला आहे, असा त्या निर्णयाचा गाभा होता. 24 ऑगस्ट 2017च्या पुट्टस्वामी निर्णयात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाला मूलभूत हक्काचे स्थान दिले, तेव्हा या जुन्या निर्णयाचा आधारही घेतला गेला.

मग अडचण कोठे येते? ती हावेरीच्या भाजीविक्रेत्याच्या गोष्टीत दिसते.

बेळगावकडे आपल्यापैकी अनेकांचे सोयरे आहेत, त्यांना हे प्रकरण आठवत असेल. जुलै 2025मध्ये कर्नाटकाच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआयची माहिती मागवून घेऊन, 2021-22 पासूनच्या चार वर्षांच्या जमेवरून हजारो छोट्या दुकानदारांना नोटिसा पाठवल्या. धारवाड-हुबळीच्या पुढे असलेल्या हावेरीत एका भाजीवाल्यास 29 लाख रुपयांची मागणी आली, कारण चार वर्षांत त्याच्या खात्यात 1 कोटी 63 लाख रुपये जमा झाले होते. ताज्या भाजीवर जीएसटी नाही, आणि केवळ करमुक्त माल विकणाऱ्यास नोंदणीही सक्तीची नाही. पण यंत्राला जमा तेवढी दिसली. भाजी दिसली नाही. बंगळुरूत दुकानांवरून क्यूआर कोड उतरले, ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या, बंदची हाक दिली गेली. अखेर मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी व्यापाऱ्यांशी बोलून जुनी वसुली न करण्याचे जाहीर केले. दिल्लीत एका पक्षाचे सरकार, बंगळुरूत दुसऱ्या. हात लांब करण्याची सवय मात्र दोहोंची एकच. आपल्या मंडळींत राजकारणाचे वाद होतात तेव्हा हे ध्यानात ठेवलेले बरे.

यूपीआयची जमा म्हणजे विक्री नव्हे, हे बँकेतला कनिष्ठ अधिकारीही जाणतो. कॅश क्रेडिटची मर्यादा ठरवताना आम्ही खात्याची वार्षिक जमा घेत असू, परंतु ती जशीच्या तशी कधीच धरत नसू. आपल्याच दुसऱ्या खात्यातून वळवलेली रक्कम वजा, न वटता परत गेलेले धनादेश वजा, कर्जाची जमा वजा, घरच्यांनी अडीनडीला टाकलेले पैसे वजा. एवढे करून जो आकडा उरे, त्याला उलाढाल म्हणत असू. दोन लाखांच्या मर्यादेसाठी आम्ही ही मेहनत घ्यायचो. लाखांच्या मागणीची नोटीस काढताना ती घ्यायला नको काय?

आमच्या हमरापूरचेच उदाहरण घ्या. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या पट्ट्यात गणेशमूर्तींचे कारखाने घरोघर आहेत. गणपती गेले की थोड्याच दिवसांत पुढच्या वर्षाचे काम सुरू होते. मुंबई-पुण्याच्या व्यापाऱ्यांचा इसार त्या काळात फोनवर येतो, माल जातो पावसाळ्यात. मध्ये एखादी मागणी रद्द होते आणि इसार परत जातो. पण जमेच्या बाजूला तो पूर्ण वर्षभर दिसत राहतो. एकाच क्यूआर कोडवर तीन भावांच्या कारखान्यांचे पैसे येतात, कारण स्मार्टफोन धाकट्याकडे आहे. रंगकाम करणाऱ्या बायकांची मजुरी त्याच खात्यातून वाटली जाते. मातीच्या मूर्तीवरचा कर 2017मध्येच शून्य झाला आहे. परंतु मूर्ती मातीची की प्लास्टरची, हे क्यूआर कोडला कसे कळावे? हावेरीचे यंत्र येथे आणून ठेवले, तर मूर्तिकार काय आणि त्याला रंग, काथ्या, गोण्या पुरवणारा आपला दुकानदार काय, दोघांच्याही हाती नोटीस पडेल.

‘प्रामाणिक माणसाला लपवायचे काय?’ असा प्रश्न काही वडीलधारे करतात. भाजीवाला प्रामाणिकच होता. त्याने पैसे लपवले नव्हते म्हणून तर ते यंत्राला दिसले. उलट जेथे खरोखर डोळ्यांत तेल घालून पाहायला हवे होते, तेथे काय झाले हे पेणकरांइतके कोणास ठाऊक? पेण अर्बन बँकेवर सप्टेंबर 2010मध्ये निर्बंध आले, तेव्हा बनावट कर्जखात्यांतून 500 कोटी रुपयांहून अधिक रक्कम गेल्याचे उघड झाले. लेखापरीक्षक होते, निरीक्षक होते, सहकार खाते होते, रिझर्व्ह बँक होती. तपासणीचे अधिकार सगळ्यांकडे होते आणि ते दरवर्षी कागदावर वापरलेही जात होते. ठेवीदार मात्र वर्षानुवर्षे मोर्चे काढत राहिले. नजर कोठे ठेवावी याचे तारतम्य नसले, की ती सर्वांवर ठेवण्याचा मोह होतो. त्यात कष्ट कमी असतात.

व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025च्या मध्यावर निघाले, म्हणजे ‘संचार साथी’च्या आदेशापूर्वी जेमतेम पंधरा दिवस. त्यात खासगी कंपन्यांवर बरीच बंधने आहेत. पण 17 व्या कलमानुसार केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेस राज्याची सुरक्षा, सुव्यवस्था आदी कारणांसाठी त्यातून सूट देऊ शकते. किराणा दुकानदाराने ग्राहकाचा फोन नंबर विचारला तर त्याने संमती घ्यावी. सरकारने घेतलीच पाहिजे असे नाही.

कायदा बदलणे आपल्या हाती नाही. घरची व्यवस्था आहे. दुकानासाठी चालू खाते आणि त्याचाच क्यूआर कोड ठेवावा; घरच्या, भिशीच्या, उसनवारीच्या रकमा त्यात येऊ देऊ नयेत. परत केलेल्या इसारासमोर त्याच दिवशी नोंद करावी, कारण चार वर्षांनी ती कोणालाही आठवणार नाही. धंद्याचे बोलणे आणि कुटुंबाचे बोलणे शक्य तर दोन वेगळ्या फोनवर असावे. आयकर विभागाच्या पत्रावर 1 ऑक्टोबर 2019 पासून दस्तऐवज ओळख क्रमांक असतो. तो विभागाच्या संकेतस्थळावर पडताळल्याशिवाय उत्तर देऊ नये, कारण हल्ली नोटिसाही बनावट येतात. आणि प्रत्यक्ष कोणी दारात आलेच, तर घाबरून फोन हाती देण्यापूर्वी तीन गोष्टी मागाव्यात: अधिकाऱ्याचे ओळखपत्र, लेखी अधिकारपत्र (जीएसटीच्या झडतीसाठी ते सहआयुक्त किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचे लागते), आणि परिसरातील दोन पंच. पंचनाम्याची व जप्त वस्तूंच्या यादीची प्रत घेतल्यावाचून कोणासही जाऊ देऊ नये. ते मागणे म्हणजे असहकार नव्हे; अधिकाऱ्यालाही कायदा तेच करायला सांगतो. जेवणाची वेळ असेल तर त्यांना जेवायला बसवावे, सूर्यास्तापूर्वीच अर्थात.