लिलावातली गाडी : घेणारा आणि गमावणारा

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील तरुणांशी रोजगाराविषयी बोलू लागले की बोलणे अलीकडे हटकून गाडीवर येते. शेती पावसाळ्यापुरती, तीही तुकड्यांची. रस्त्यालगतच्या जमिनी शेतघरवाल्यांच्या हाती गेलेल्या. खोपोलीच्या कारखान्यात काम मिळालेच तर ते कंत्राटी. मग उरते ते चाक. कशेळे, कडाव, चौक, वावोशी या बाजूंच्या वाड्यांना एस.टी.ची वाट पाहून चालत नाही. तेथे सहा आसनी रिक्षा आणि खाजगी जीपच माणसे वाहतात. नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत टॅक्सी चालते. नवी गाडी घेण्याची ऐपत नाही आणि जुन्या बाजारातला दलाल लुबाडतो. अशा वेळी वित्तसंस्थांनी ओढून आणलेल्या गाड्यांच्या लिलावाची यादी मोबाईलवर येते आणि तिच्यातील किंमत बाजारभावापेक्षा बरीच खाली दिसते.

या आकर्षणाला हाव म्हणणे पांढरपेशा टीकाकाराला सोपे आहे. वस्तुतः स्वस्त गाडी हे श्रमिकाचे उत्पादनाचे साधन आहे. भांडवल कमी गुंतले, हप्ता लहान राहिला, तर दिवसाच्या कमाईतून चार पैसे घरी जातात. माहितगार माणसाला लिलावातून चांगली गाडी मिळते आणि तिच्यावर संसार उभा राहतो, हे मी पाहिले आहे. म्हणून लिलावापासून दूर राहा, असा उपदेश करण्याचा माझा हेतू नाही. या व्यवहाराची रचना कशी आहे आणि तिच्यातील जोखीम कोणाच्या माथी मारली जाते, एवढाच माझा प्रश्न आहे.

लिलावाच्या अटींतील पहिले वाक्य ठरलेले असते : 'आहे तेथे, आहे त्या स्थितीत'. या पाच शब्दांत विकणाऱ्याची सारी जबाबदारी संपते. गाडी चालवून पाहता येत नाही. पुष्कळदा इंजिनही सुरू करून दाखवत नाहीत. अनामत रक्कम भरून बोली लावायची, ती सर्वोच्च ठरली तरी वित्तसंस्थेच्या मंजुरीची वाट पाहायची. मंजुरी आली की ठरल्या दिवसांत सारी रक्कम भरायची, नाहीतर अनामत गेली. उचलण्यास उशीर झाला तर यार्डाचे भाडे वेगळे. माझ्या परिचयातील खालापूरच्या एका गृहस्थाने असा टेम्पो घेतला. छायाचित्रात दिसणारी बॅटरी ताबा घेताना नव्हती. टायर बदललेले होते. हा नुकसानीचा भाग त्याने सोसला असता. पण गाडी नावावर होण्यास आठ महिने लागले, आणि तोवर परवान्याअभावी ती धंद्याला लावता आली नाही. गाडीसाठी बायकोचे दागिने गहाण पडले होते. टेम्पोच्या मागच्या फाळक्यावर आधीच्या मालकाच्या दोन मुलांची नावे रंगवलेली होती. ती पुसून टाकायला त्याला बरेच दिवस हात झाला नाही.

त्या दोन मुलांच्या बापाचा विचार आपल्या चर्चेत सहसा येत नाही. खरे पाहता त्याचा हिशेब लिलावानंतरच सुरू होतो. समजा, त्याचे येणे चार लाख आहे आणि गाडी अडीच लाखांना गेली. उरलेले दीड लाख, त्यावर ओढून आणण्याचा खर्च आणि यार्डाचे भाडे, हे सर्व त्याच्याच नावे राहते. गाडी नाही, कमाई नाही आणि कर्ज मात्र आहे. खरेदीदाराला जी सवलत वाटते ती अशी दुसऱ्याच्या थकबाकीत लिहिली जाते. आणि हे दोघेही बहुधा एकाच वर्गातले, कधी एकाच तालुक्यातले असतात. वित्तसंस्थेने अधिक किमतीसाठी धडपड करावी असे बंधन तिला जाणवत नाही, कारण तूट वसूल करण्यासाठी पहिला माणूस तिच्या हातात असतोच.

वित्तसंस्थांची बाजूही ऐकली पाहिजे. ज्याच्याजवळ दुसरे तारण नाही त्या माणसाला कर्ज मिळते ते गाडी परत घेता येते म्हणूनच; जप्तीच बंद केली तर त्याला कर्ज देणार कोण? हा युक्तिवाद खोटा नाही. परंतु जप्ती करण्याचा अधिकार आणि ती कशीही करण्याची मोकळीक या दोन गोष्टी भिन्न आहेत. आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच गुंडांकरवी वसुली करण्याची पद्धत निषिद्ध ठरवली. बिगर-बँक वित्तसंस्थांसाठी रिझर्व्ह बँकेची न्याय्य व्यवहार संहिता आहे. ताब्यात घेण्यापूर्वीची नोटीस, ताब्याची पद्धत आणि विक्रीपूर्वी ऋणकोला द्यावयाची शेवटची संधी या गोष्टी करारातच लिहिलेल्या असल्या पाहिजेत, असे ती सांगते. तरीही सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडातील हजारीबाग येथे ट्रॅक्टर ओढून नेताना त्याच शेतकऱ्याची गरोदर मुलगी चाकाखाली चिरडली गेली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने संबंधित संस्थेला बाहेरच्या माणसांकडून वसुली व जप्ती करून घेण्यास मनाई केली. जानेवारी २०२३ मध्ये ती मनाई उठली.

कागदांचा प्रश्न दोघांनाही भोवतो. हप्ते थकल्यावर ताब्यात घेतलेल्या गाडीची नोंद वित्तसंस्थेने आपल्या नावे करून घेण्यासाठी नमुना ३६ चा अर्ज आहे. व्यवहारात मात्र कर्ज देतानाच हस्तांतराच्या कोऱ्या अर्जांवर सह्या घेऊन ठेवल्या जातात आणि त्यांच्या आधारे गाडी हातोहात फिरते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले की गाडी विकली तरी नोंदीत ज्याचे नाव राहिले आहे, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच. म्हणजे बोरघाटात कोणा अनोळखी चालकाच्या हातून अपघात झाला तर नोटीस येईल ती गाडी गमावून बसलेल्या माणसाच्या झोपडीत. ई-चलाने तर येतच राहतात.

लिलाव केवळ वित्तसंस्थांचेच होतात असे नाही. विमा कंपन्या 'पूर्ण नुकसान' ठरवलेल्या गाड्या विकतात; २६ जुलै २००५ च्या पुरात बुडालेल्या गाड्या रंगरंगोटी होऊन रस्त्यावर आल्या होत्या हे अनेकांना आठवत असेल. पाण्यात बुडालेल्या गाडीची वायरिंग दोन-तीन पावसाळ्यांनी दगा देते. पोलीस ठाण्याच्या आवारात वाहने वर्षानुवर्षे सडू देऊ नयेत असे न्यायालयाने २००२ मध्येच बजावले होते. तरी ती सडतात आणि लिलावाला येईपर्यंत भंगार होतात. सरकारी जीपगाड्यांची आशा तर आता जवळपास संपली आहे. पंधरा वर्षे झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द होते व त्या मोडीतच काढाव्या लागतात.

कर्जाची वस्तू लिलावात जाणे हा अनुभव या मुलखाला नवा नाही. १८७५ मध्ये घाटावरच्या शेतकऱ्यांनी सुप्याला सावकारांचे दस्तऐवज जाळले ते कोर्टाच्या हुकूमनाम्यांनी जमिनी जात होत्या म्हणून. माथेरानचे भाई कोतवाल २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाले, हे प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे. पण त्याआधी याच भागातील शेतकऱ्याला सावकाराच्या दारात जावे लागू नये म्हणून त्यांनी धान्यकोठी उभारली होती, याचे स्मरण आपण क्वचित करतो. सभा घेण्याइतकेच ते राजकीय काम होते.

त्या धर्तीचे काम आज करता येण्याजोगे आहे. बोली लावण्यापूर्वी 'वाहन' संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून बोजा, कर, फिटनेस आणि विमा तपासणे, चासीवरचा क्रमांक कागदाशी ताडून पाहणे, विश्वासू मिस्त्री सोबत नेणे, नाहरकत दाखल्याची मुदत लेखी मागणे, यासाठी खोपोली आणि कर्जतला आठवड्यातून एक संध्याकाळ दोन कार्यकर्ते बसले तरी पुरे. गाडी गमावलेल्यासाठी करावयाचे काम अधिक निकडीचे आहे. नोटीस मिळाली होती काय, शेवटची संधी दिली काय, गाडी कितीला गेली, याचा लेखी हिशेब मागणारे पत्र त्याला लिहून दिले पाहिजे. तारण विकून येणे भागल्यावर वाढावा उरला तर तो ऋणकोचा, हे तत्त्व १८७२ च्या करार कायद्याच्या १७६ व्या कलमात आहे. मात्र ते मागितल्याखेरीज पदरात पडत नाही. आणि गाडी नव्या मालकाच्या नावे झाल्याची नोंद पाहिल्याशिवाय त्याने स्वस्थ बसू नये.

शासनाकडे मागणी एकच करावी : वित्तसंस्थेच्या वा खरेदीदाराच्या नावे नोंद झाल्याशिवाय लिलावातील कोणतीही गाडी यार्डाच्या फाटकाबाहेर पडता कामा नये, आणि ज्या रकमेला ती विकली गेली ती पहिल्या मालकाला पंधरा दिवसांत लेखी कळवली गेली पाहिजे. या मागणीचे निवेदन पनवेलच्या परिवहन कार्यालयात देताना घेणारे आणि गमावणारे, दोघांनाही बरोबर न्यावे.