वाहाकातील स्वस्त मुक्काम

मेक्सिकोतील वाहाका शहराची जुनी वस्ती १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तेथे अंगणाभोवती खोल्या असलेल्या साध्या हॉटेलांत काटकसरीने राहता येते. मात्र भाडे ठरविताना १६ टक्के मूल्यवर्धित कर व राज्याचा निवासकर त्यात धरला आहे का, हे आधी विचारावे. कार्डयंत्राने रुपये की पेसो असे विचारल्यास पेसोच निवडावेत. रुपयांचा दर बहुधा महाग पडतो.

खरी दक्षता न्याहारीला हवी. काळ्या घेवड्याचे वाटण निरामिष दिसते, पण ते अनेकदा डुकराच्या चरबीत परतलेले असते. ‘सिन मान्तेका’, म्हणजे चरबीविना, हे दोन शब्द पाठच असावेत. हिशेबातील तूट भरून काढता येते, आहारव्रतातील नाही.