जुना बंद टेम्पो घेताना आधी छप्पर पाहा

राहाता, श्रीरामपूर, कोपरगाव या भागात आठवडे बाजार करणारे आपले कापडवाले हल्ली पाल आणि पेट्या सोडून बंद बॉडीच्या गाडीकडे वळले आहेत. चांगली गोष्ट आहे. हमाली वाचते, रात्री गाडीतच पाठ टेकता येते, सकाळी पुढचा बाजार गाठता येतो. नवी गाडी सर्वांना परवडत नाही म्हणून जुनी घेतली जाते. त्यातही गैर काही नाही. मात्र घेताना आपण मिस्त्रीला बरोबर नेतो, तो इंजिन ऐकतो, धूर पाहतो, टायरला लाथ मारतो आणि सौदा होतो. जिथे आपला माल राहणार त्या पेटीकडे कोणी पाहत नाही. माझे म्हणणे असे की कापडवाल्याने इंजिन नंतर पाहावे. इंजिन बिघडले तर दुरुस्त होते. ओल लागलेले थान दुरुस्त होत नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. एप्रिल २०२२ मध्ये मी दुसऱ्या जिल्ह्यातून एक बंद गाडी घेतली. नवा रंग, छताला आतून नवे रेक्झिन, खाली नवे प्लायवुड. दार उघडले की उदबत्तीचा वास. मला वाटले, मालक नेकदिल आणि टापटीपीचा माणूस आहे. इंजिनावर आम्ही दोन तास घालवले, पेटीवर पाच मिनिटे. १० जुलैला बकरी ईद होती, म्हणून जूनअखेर कुर्त्याचे पांढरे कापड, ड्रेस मटेरियल आणि लुंग्या भरून अकोले तालुक्यातील राजूरच्या बाजारास निघालो. राहात्याचा पाऊस तो केवढा. पण राजूरकडे पाऊस लागला की थांबत नाही. दोन रात्री गाडी पावसात उभी होती. तिसऱ्या दिवशी खालचा गठ्ठा सोडला तर पांढऱ्या कापडावर मिरी सांडावी तसे काळे ठिपके. ईदच्या तोंडावर सुमारे ७० हजारांचा माल हातचा गेला.

घरी येऊन नवे प्लायवुड उचकटले. त्याखाली जुने प्लायवुड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे झालेले. रेक्झिन फाडले तर छताच्या जोडावर सिलिकॉनचे तीन थर, एकावर एक. म्हणजे ही गळती जुनी होती आणि माहीत असलेली होती. आमच्या उर्दूत याला सीलन म्हणतात. सीलन भिंतीत शिरली की घर विकणारा आधी चुना मारतो, तसाच हा प्रकार.

ओल कापडाला कशी धरते हे समजून घ्यावे. साध्या हवेतसुद्धा सुती कापड आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी धरून असते. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. त्यात कोऱ्या सुती मालाला कांजी असते आणि कांजी हे बुरशीचे खाद्य आहे. म्हणून त्याच गाडीतील सुरती साड्या वाचल्या आणि सुती माल गेला.

दुसरी गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. ओल फक्त पावसातून येत नाही. गाडीत झोपणाऱ्या एका माणसाच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत जाते. आत चहासाठी गॅस पेटवला तर एक किलो गॅसमागे दीड लिटरहून अधिक पाणी वाफ होऊन बाहेर पडते. पहाटे पत्रा थंड झाला की हीच वाफ त्यावर थेंब होऊन मालावर टपकते. २०२१ साली राज्य शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. घरासारख्या सजवलेल्या त्या गाड्यांचाही मोठा शत्रू हाच. आपण तर झोपायच्या जागेतच दुकान ठेवतो.

तेव्हा गाडी पाहायला शक्यतो पावसाळ्यातच जावे. मे महिन्यात प्रत्येक गाडी कोरडी असते. उन्हाळ्यात घ्यायचीच झाली तर पाण्याचा पाइप लावून छपरावर अर्धा तास पाणी सोडायला सांगावे आणि आपण दार लावून आत बसावे. जो मालक याला नाही म्हणेल त्याची गाडी सोडून द्यावी. आत बसल्यावर छताचा जोड, रिव्हेटच्या ओळी, मागच्या दाराचे रबर, मागच्या दिव्यांची भोके आणि चाकावरचा पत्रा हाताने चाचपावा. प्लायवुडचा कोपरा पेचकसाने टोचावा. पेचकस लोण्यात जावा तसा गेला तर समजून जावे. ताजा रंग, ताजे रेक्झिन, भरपूर सुगंध, हे तिन्ही एकत्र दिसले तर दुप्पट संशय घ्यावा. मासळी वाहिलेली गाडी घेऊच नये, मिठाच्या पाण्याने पत्रा आतून खाल्लेला असतो. ऑगस्ट २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा पूर आणि जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर, दोन्हींत असंख्य गाड्या बुडाल्या. पुराचा गाळ सीटखाली आणि वायरिंगच्या गुंडाळ्यात वर्षानुवर्षे राहतो, तिथे बोट घालून पाहावे. विम्याचा जुना क्लेमही विचारावा. फिटनेस सर्टिफिकेट आहे म्हणून माल कोरडा राहील असे समजू नये, ते रस्त्यासाठी असते.

विक्रेत्याशी नंतर भांडून फारसे काही हाती येत नाही. १९३० च्या माल विक्री कायद्यात, खरेदीदाराने माल तपासलेला असेल तर तपासणीत दिसायला हवा होता असा दोष त्याच्याच माथी येतो. शरीअतमध्ये लपवलेला ऐब निघाला तर माल परत करण्याचा हक्क आहे, पण तो मागायला विक्रेता आधी सापडावा लागतो.

आणि विक्रेते आपणही असतो. मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत बोटांना ओल लागली. पाऊस लागला, असे विक्रेता म्हणाला. मग भिजलेले वर का ठेवले नाही, असे त्यांनी त्याला विचारले. ही हकीकत आपण लहानपणापासून ऐकतो आणि गाडी विकायची वेळ आली की रंगाऱ्याला बोलावतो.

माझ्यावरही ती वेळ आली. दलाल म्हणाला, हाजीसाहेब, आठ हजारांचा रंग मारा, पैसे वसूल होतील. खोटे कशाला बोलू, दोन दिवस मी विचार केला. शेवटी रेक्झिन फाडलेलेच ठेवले आणि आपल्याकडच्या एका पेरूच्या व्यापाऱ्याला जोड दाखवला. त्याचा माल प्लास्टिकच्या क्रेटमध्ये, पावसाने त्याचे काही बिघडत नव्हते. मूळ किमतीपेक्षा ४५ हजार कमी आले.

पुढच्या वर्षी दुसरी गाडी घेतली ती भर पावसात, आत बसून. तिच्यात लाकडी फळ्यांचा चार बोटे उंच तळ केला आहे, गठ्ठे पत्र्यापासून वीतभर दूर ठेवतो, आणि समोरासमोर दोन जाळ्या पाडल्या आहेत. चहा बाहेर करतो.